आईचं उभं राहणं

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आई शाळेतून घरी येत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापडाच्या ताग्यांनी भरलेली हातगाडी चढावर मागे घसरली आणि आई गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडली. खुब्याजवळचं हाड मोडलं. ठाण्याच्या इस्पितळात पायाला वजन लावून तिला उताणी निजवून ठेवलं होतं. घरी पाठवलं तेही अजून पडूनच राहायचं असं बजावून.

आई मराठी शाळेत शिक्षिका होती. सकाळी शाळा, दुपारी घर, रविवारी वस्तीतल्या विहारात मुलांचा अभ्यास. सदा पायांवर असलेली बाई आता पंख्याकडे बघत पडून असायची. तक्रार करायची नाही, पण जेवण निम्मं टाकायची. मदतीला तिची थोरली बहीण, माझी मावशी, दिघाशी गावाहून आली होती. भाताची कापणी आटोपून आली ती आमच्याकडेच राहिली.

अखेर हाड जुळलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "छान. आता उभं करायला लागा." आम्हाला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने आईला धरून उभं केलं. ती हसली. माझ्या खांद्याला तिचा खांदा लागला तेव्हा ती माझ्याहून उंच आहे हे मला नव्याने आठवलं. आणि मग तिचा चेहरा राखेसारखा झाला. "मला दिसत नाहीये," ती हळूच म्हणाली आणि तिची मान पुढे लोंबली.

आम्ही तिला आणखी घट्ट धरलं. पडली तर हाड पुन्हा मोडेल, एवढंच डोक्यात होतं. मावशी तोंडावर पाणी मारत होती. आई शुद्धीवर येईना. तिच्या हातांना बारीक झटके यायला लागले. शेजारीण धावत जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आली, तोवर आम्ही तिला तसंच उभं धरून होतो.

डॉक्टरबाईंचा दवाखाना आमच्या गल्लीला लागूनच. गावातल्या जुन्या मुसलमान घरातल्या, मुंबईला शिकून परत इथेच बसलेल्या. त्यांनी दारातूनच पाहिलं.

"उभं काय धरलंय? खाली निजवा. जमिनीवरच. पाय वर घ्या."

आम्ही आईला निजवलं. डॉक्टरबाई खाली बसल्या आणि आईच्या टाचा त्यांनी सरळ आपल्या खांद्यावर घेतल्या. मी एक श्वास घेतला असेन नसेन, आईच्या ओठांवर रंग आला. तिने डोळे उघडले आणि आमच्याकडे बघून विचारलं, "काय झालं? सगळे असे का बसलात?"

मावशी भिंतीला टेकून बसली. "तिच्यात ताकद न्हाय," ती म्हणाली. "हाड जुळलं म्हणून काय झालं? आता ती उठायची न्हाय."

"ताकद आहे, मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सवय गेलीय."

त्यांनी आईच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला आणि स्टेथोस्कोप कानात घातला. पण आमच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचं, लूमचं, शेड होतं. त्या खटखटाटात दंडातला आवाज कुठला ऐकू येणार? त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला, मनगटाची नाडी धरली, पट्ट्यात हवा भरून ती हळूहळू सोडली आणि बोटांखाली नाडी परत आली तिथे पारा वाचला. निजलेली असताना दाब ठीक होता. उशीला टेकवून जरा वर बसवल्यावर पारा बराच खाली आला, आणि आई पुन्हा फिकट दिसायला लागली. त्यांनी तिला परत निजवलं.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते हे त्यांना माहीत होतं. माझं बोट धरून त्यांनी आईच्या जबड्याखाली, मानेच्या एका बाजूला ठेवलं. "दाबायचं नाही हं. नुसतं ठेव."

बोटाखाली ठोके लागत होते.

"इथे, या रक्तवाहिनीच्या भिंतीत, ताण ओळखणाऱ्या नसा असतात. आपण उठून उभे राहिलो की रक्त पायांकडे, पोटाकडे उतरतं. इथला दाब घटतो, भिंत सैल पडते. या नसा लगेच मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाला सांगतो, जलद चाल. पायातल्या रक्तवाहिन्यांना सांगतो, आवळून घ्या. दाब जागेवर येतो. तू आत्ता उठून माझ्याजवळ आलीस ना, तेवढ्यात हे सगळं झालं. तुला पत्ताही लागला नाही."

आईने निजल्या निजल्याच विचारलं, "मग माझ्याच बाबतीत का बिघडलं?"

"बिघडलं नाही, टीचर. इतके दिवस त्याला कामच नव्हतं, म्हणून सुस्तावलंय. शिवाय पडून राहिलं की अंगातलं पाणी कमी होतं, रक्तही कमी होतं. आणि पोटऱ्या बघा किती वाळल्यात. चालताना पोटऱ्याच रक्त पिळून वर ढकलतात. हे सगळं परत येतं. मेहनत मात्र तुमची."

"आणि चक्कर?"

"ती शरीराची शेवटची तरकीब. डोक्याला रक्त पोचेना, तर माणूस आपोआप आडवा होतो. डोकं हृदयाच्या पातळीत आलं की रक्ताला चढायचं काम उरत नाही. तुमच्या घरच्यांनी मायेने तुम्हाला आडवं होऊ दिलं नाही, एवढंच."

बाबा हे ऐकून कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. आई मात्र हसली. मला वाटतं, उठायचंच हे तिने त्या दिवशीच ठरवलं. तिला कारण कळलं होतं, आणि कारण कळलेल्या गोष्टीला ती कधी घाबरत नसे.

तिची शिकवणी सुरू झाली. बाबांनी कॉटच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या, म्हणजे झोपेतही शरीराला थोडा चढ राहावा. मावशी मीठ घातलेली पेज दिवसातून कितीदा तरी पाजायची. आईचा दाब मुळात वाढलेला नव्हता, म्हणून मीठ चालेल असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पडल्या पडल्या आई पावलं वरखाली हलवत राहायची. सकाळी उठवण्याआधी तळपायापासून मांडीपर्यंत क्रेप बँडेज गुंडाळायचं. ते माझ्याच्याने नीट जमेना, सैल पडायचं. मावशी जन्मभर भाताचे भारे बांधत आलेली. तिने एका बैठकीत ते शिकून घेतलं. "ही उठायची न्हाय" हे वाक्य पुन्हा तिच्या तोंडून आलं नाही.

आधी उशीला टेकून बसणं, मग पाय खाली सोडून बसणं. डोळ्यांपुढे अंधारी आली की आई स्वतःच हात वर करायची आणि आम्ही तिला निजवायचो. थोड्या वेळाने पुन्हा. काही दिवस असे गेले की कालच्याहून आज तब्येत उतरलीय असं वाटावं. अशा दिवशीही पावलं हलवणं थांबायचं नाही.

शुक्रवारी लूमना आठवड्याची सुट्टी असायची. त्या दिवशी गल्ली इतकी शांत व्हायची की डॉक्टरबाई मुद्दाम तेव्हाच तपासायला यायच्या. एका शुक्रवारी त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि त्याचं तोंड आईच्या छातीवर धरलं. "टीचर, आता बसा. पाय खाली."

आई बसली. मी ऐकत होते. संथ चाललेले ठोके एकदम भराभर पडू लागले, जणू आत कुणी पायऱ्या चढत होतं. मी घाबरून डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच सांगितलं, ऐक. ठोके तसेच धावत राहिले, आणि मग हळूहळू, कुणी न सांगता, सावकाश झाले. आईचा चेहरा तसाच होता. फिका नाही, काही नाही. ती खिडकीबाहेर बघत मावशीला सांगत होती की कपडे वाळलेत, काढायला हवेत.

पुस्तकात हा भाग मी वाचला होता. एक आकृती, खाली दोन ओळी. पण आईच्या छातीत ते काम चाललेलं मी कानांनी ऐकलं. तिच्या जन्मापासून ते हृदय असंच सावरून घेत आलं होतं. ती वर्गात खाली पडलेला खडू उचलून उठली तेव्हा, मला कडेवर घेऊन उभी राहिली तेव्हा. कुणी त्याला शाबासकी दिली नव्हती. माझे डोळे भरून आले. मी स्टेथोस्कोप काढून दिला.

डॉक्टरबाईंनी दंडातला आवाज ऐकून दाब मोजला आणि म्हणाल्या, "आता उभ्या राहा."

आई उभी राहिली. बाबा मागे होते, पण त्यांनी तिला धरलं नाही. ती थोडी डुलली, मग स्थिर झाली. मावशीने पदर तोंडाला लावला. "उभी हाय," ती मलाच म्हणाली, जणू मला दिसत नव्हतं.

नव्या शालेय वर्षात आई शाळेत रुजू झाली. सुरुवातीला काठी होती, मग तीही सुटली. पाय जरासा आखडलेला राहिला तो कायमचा. मावशी दिघाशीला परत गेली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा लूमवरचा एक कामगार टायफॉइडने बरेच दिवस अंथरुणावर होता. ताप उतरला आणि तो लगेच ड्युटीवर जायला निघाला, तर दारातच घेरी येऊन पडला. त्याचे सोबती त्याला काखेत धरून उभं करत होते. आई आमच्या दारातून हे पाहत होती. ती लंगडत तिथे गेली.

"अरे, सुलाओ पहले. पैर ऊपर करो," तिने तिच्या मराठी हिंदीत फर्मावलं. तो सावध झाल्यावर त्याच्या मानेला हळूच बोट लावून ती त्याला समजावू लागली की आत काय चाललंय, आणि उठायची एवढी घाई का करायची नाही. सगळे गुडघ्यांवर बसून ऐकत होते. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी आईला मधे थांबवलं नाही. पिशवी खाली ठेवली आणि बोलणं संपेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.