कलमाचा दोरा

बायकोनं बी पेरून निवडुंगाचं इवलंसं रोप वाढवलं होतं. ती गेली आणि मी वेड्यासारखं रोज पाणी घालून त्याची मुळं कुजवली. "काका, निवडुंगाला एवढी माया सोसत नाही," नर्सरीतल्या बाई म्हणाल्या. शेंडा तेवढा हिरवा होता. त्यांनी सांगितलं तसा तो कापून दुसऱ्या जाड निवडुंगावर बसवला आणि दोऱ्यानं बांधला. दोरा तिच्या शिवणाच्या डब्यातला, तिनंच सुईत ओवून ठेवलेला.

आज बाई बघून गेल्या. "कलम धरलं की! आता दोरा कापा, नाहीतर रुतेल."

परक्या मुळांवर रोप तरारलंय. जगायचं तर दोरा सुटायलाच हवा, हे मलाही कळतं. सकाळपासून कात्री हातात घेऊन बसलोय. तिनं ओवलेला दोरा घरात आता एवढाच उरलाय.