मालतीच्या कपाळावरची खरखर

त्वचेच्या दवाखान्यात किस्से फार साठतात. पोटाचं दुखणं लपवता येतं, चेहऱ्याचं नाही. त्यामुळे पेशंटबरोबर अख्खं घर येतं आणि प्रत्येकाला काहीतरी बोलायचं असतं. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास गोरेगावात डॉ. सबनीसांच्या हाताखाली मी नवीनच लागले होते. तिथलं काही सांगायला बसले की गाडी मालती परबवरच येते.

*

मालती चारकोपहून यायची. जन्मापासून केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. कातडीत रंगच नाही. लोकांना ते कोड वाटायचं.

सरांनी तिच्या कपाळावरून बोट फिरवलं. डाग धड दिसत नव्हते, पण हाताला सँडपेपरसारखे लागत होते. एवढं ऊन कुठे लागलं, असं त्यांनी विचारलं.

स्टुडिओत, ती म्हणाली. सिनेमात इंग्रजांची बागेतली पार्टी असली की तिला फ्रॉक घालून दिवसभर उन्हात, गर्दीत उभं करायचे.

"मडम म्हणून घेतात. कॅमेरा जवळ आला की फक्त बाजूला व्हायचं."

*

सर्वांत जाड डागाचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी तिचा नवरा सुरेश खुर्चीवर बसायलाच तयार नव्हता.

सरांनी सरळ सांगितलं, "हा कॅन्सर नाही. पण असंच सोडलं तर होऊ शकतो."

स्टुडिओ बंद, बाहेर पडताना छत्री आणि लांब बाह्या. जाड डाग जाळायचे. बाकीच्यांवर रात्री 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं एक क्रीम, अगदी पातळ लावायचं. आधी कातडी लाल होईल, सोलेल, घाबरू नका, हेही सांगितलं.

घाबरायचे ते घाबरलेच.

*

पंधरवड्याने मालतीला घेऊन तिची सासू आली. सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच. भावाची मुलगी सून करून घेतलेली. मालतीचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. क्रीमची ट्यूब आत्याने गटारात टाकली होती.

"ह्या औषध नाय, निखारे आसत," ती सरांना म्हणाली.

सरांनी वाद घातला नाही. दोन दिवसांआड लावा म्हणाले, आणि नवी ट्यूब मालतीऐवजी आत्याच्याच हातात दिली. त्या दिवसापासून क्रीम आत्याच लावू लागली. काही महिन्यांत कपाळ बरंच मऊ झालं.

*

हातांवरचे डाग मात्र हटेनात. त्याच घराण्यातल्या गोळ्या परदेशातून मागवता येतील, असं सर म्हणाले. पण गोळ्या चालू असताना मूल राहिलं तर त्याच्यात मोठं व्यंग येऊ शकतं. बंद केल्यावरही बराच काळ थांबावं लागेल.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सुरेश खाली बघत होता. आत्या काही बोलणार तेवढ्यात मालतीच बोलली.

"गोळी नको. बाकी सगळं करीन."

त्या संध्याकाळी सर मला म्हणाले, "तिने बरोबर केलं की चूक, मला खरंच माहीत नाही."

*

तिला दिवस राहिले तसं सरांनी क्रीमही थांबवलं. सातव्या महिन्यात कानाच्या पाळीवर एक गाठ आली आणि त्यातून रक्त येऊ लागलं. या वेळी रिपोर्ट कॅन्सरचाच होता.

जागा बधिर करून सर्जननी पाळीचा तुकडा काढला. मालती कुशीवर, एक हात पोटावर. दुसरा आत्याने धरून ठेवलेला. कडेपर्यंत सगळं निघालंय, असा रिपोर्ट येईपर्यंतचा आठवडा आमच्या दवाखान्यात कोणी नीट जेवलं नसेल.

*

बाळंतपणाची बातमी आली तशी मी दुपारीच प्रसूतिगृहात गेले. मुलगी होती. तिचे केस कापसासारखे पांढरे होते.

सुरेश भिंतीला टेकून उभा. मालती पाळण्याकडे न बघता आत्याकडे बघत होती.

आत्याने वाकून नातीला बराच वेळ पाहिलं. मग पाळण्याला वळसा घालून खिडकीपाशी गेली, उन्हाकडे पाठ करून उभी राहिली आणि पदर दोन्ही हातांनी पसरून धरला.

"सुरेशा," ती म्हणाली, "बघतंस काय? पडदो ओढ."