आज पूनमने केबलला हात लावायचा नाही

आमच्या दुकानात खराब केबलींचं एक खोकं आहे. दर दिवाळीला टाकून देऊ म्हणतो आणि ते राहतंच. कारण एकेक केबल हातात घेतली की ती कुणाकडची, तिथं काय झालं होतं, हेच आठवत बसतो. बुऱ्हाणपूरच्या लालबागला दुकान टाकल्यापासून आमचा निम्मा दिवस एकाच तक्रारीत जातो. काँप्युटर चालू आहे, पण स्क्रीनवर 'नो सिग्नल'!

दुकानात आम्ही दोघंच, मी आणि पूनम. पूनम शेजारच्या बहादरपूरची. डिप्लोमा करून आली आणि सहा महिन्यांत माझ्या पुढे गेली. तिला धीर आहे, मला अजिबात नाही. त्यात वर्षभरापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, कारण तिच्या घरी स्थळं बघणं चाललंय. तिच्या मामांचं म्हणणं असं की तारा घेऊन दारोदार फिरणारी मुलगी कोण करून घेईल, तेव्हा लग्न ठरलं की काम बंद. पूनमला काम सोडायचं नाही. ती गेली तर माझं काय, हा माझा स्वार्थही त्यात आहेच.

*

केळीचे एक व्यापारी आहेत. त्यांचा सकाळीच फोन आला.

"भाऊ, नवा मॉनिटर तं नो सिग्नलच म्हणून राहिला."

"जरा हलवून बघा, मी निघालोच."

पोचलो तर शेठ गच्चीवर, घामाघूम, डिशची छत्री धरून उभे. खालून वहिनी ओरडत होत्या, "आता तं टीव्हीपण गेला!"

मी म्हटलं, "शेठ, मॉनिटरला सिग्नल छतावरून येत नाही. टेबलाखालच्या केबलीतून येतो."

शेठनी छत्री न सोडता विचारलं, "ठीक आहे ना भाऊ. पण आता हिचं तोंड कुठं करू?"

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा फोन थांबत नाही. आदल्या दिवशी गावभर काँप्युटरची पूजा झालेली असते. साड्यांच्या एका दुकानात मुनीमजींनी तर इतकी मनापासून पूजा केली की केबल जिथं खोचतात त्या भोकातच हळद-कुंकू भरलं.

पूनमने ब्रश काढला तसे मुनीमजी कळवळले. "बेटा, पूजेचं आहे. झाडू नको."

पूनमने खाली कागद धरला, कुंकू हलकेच त्यावर उतरवलं आणि पुडी बांधून त्यांच्या हातात दिली. मुनीमजींनी पुडी कपाळाला लावली. मॉनिटर सुरू झाला.

पुढच्या वर्षी त्यांचा फोन दसऱ्याच्या आधीच आला. "बेटा, उद्या पूजा आहे. परवा सकाळी येऊन जा."

*

एकदा एका दवाखान्यात मीच गेलो. बाहेर पेशंटची रांग, आत डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते. काँप्युटरचा डबा खोलला, रॅम काढली, पुसली, लावली, परत काढली. पाऊण तास गेला. शेवटी पूनमला फोन केला.

ती म्हणाली, "भाऊ, मॉनिटरचं बटण चालू आहे ना?"

मी फोन ठेवला. डॉक्टरांनी विचारलं काय झालं होतं. मी म्हटलं, "आतून साफ करायला पाहिजे होतं."

*

दापोऱ्याच्या शाळेत मोठा टीव्ही आलाय. तो चालेना म्हणून पूनमला पाठवलं. हेडसर म्हणाले, "ताई, तुम्ही बसा, चहा घ्या. भाऊंना बोलवून घ्या."

पूनमने चहा घेतला आणि मला फोन लावला. हळूच म्हणाली, "केबल एक नंबरच्या भोकात आहे, टीव्ही दोन नंबरवर लावून ठेवलाय. मी स्पीकर चालू करते. तुम्ही मला एक नंबर लाव म्हणून सांगा."

मी स्पीकरवर दरडावून सांगितलं. तिने रिमोट दाबला. चित्र आलं.

हेडसर वर्गाला म्हणाले, "पाहा पोरांनो, भाऊंनी बुऱ्हाणपुरात बसून दुरुस्त केलं."

मला हसू आलं, पण नंतर लाजही वाटली.

*

आणि गेल्या रविवारची गोष्ट. भुसावळचं स्थळ. मुलाच्या आजीला प्रवास झेपत नाही, म्हणून आधी व्हिडिओ कॉलवर बघून घ्यायचं ठरलं. लॅपटॉप टीव्हीला जोडायला मामांनी मला बोलावलं, कारण पूनम साडी नेसून बसली होती. आज तिने केबलला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

मी पोचेपर्यंत मामांचा कॉल लावून झाला होता, वर आणखी चार बटणं दाबली होती. लॅपटॉप काळा आणि मुका. टीव्हीवर 'नो सिग्नल'. कॉल कटला असं सगळे धरून चालले. मी टॉर्च घेऊन टीव्हीमागे शिरलो. केबल तर घट्ट होती. मामा रिमोट छातीशी धरून येरझाऱ्या घालत होते. मला काही सुचेना.

पूनम उठली. "मामा, रिमोट द्या."

"बस खाली! भुसावळवाल्यांना कळलं ना, तू लोकांच्या टीव्हीमागे घुसत फिरते, तं स्थळ गेलं समज."

"जाऊ द्या गेलं तं. मी काम सोडणार नाही. विचारलं तं त्यांनाही हेच सांगेन."

तिने मामांच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि एक बटण दाबलं.

टीव्हीवर भुसावळचे चार चेहरे उगवले. एकमेकांना चिकटून, डोळे मोठे करून आमच्याकडेच बघत होते. कॉल कटलाच नव्हता. लॅपटॉपचा कॅमेरा आणि माइक सगळा वेळ चालू होता.

मामांनी टोपी काढली, परत घातली.

मुलाची आई मोबाईलजवळ सरकली. "पोरी, आमच्याही टीव्हीवर तेच 'नो सिग्नल' येऊन राहिलं. अर्ध्या तासापासून मोबाईलवरच बघतोय आम्ही. काय करू?"

पूनमने पदर खोचला. "तुमच्याकडे केबल लावतं कोण?"

"कोणीच नाही ना बाई."

मामा घाईघाईने पुढे झाले, "मी सांगतो ना ताई..."

"मामा, तुम्ही बसा खाली," मुलाची आई म्हणाली. "तिला सांगू द्या."