देवाच्या मेंढ्याची लोकर

आमच्या गावच्या घरी देव्हाऱ्यात, देवाच्या टाकांशेजारी, हळदीनं पिवळी झालेली एक पुरचुंडी आहे. तिच्यात मूठभर लोकर आहे. ती लोकर मी कातरलेली आहे, हे सांगायला मला नऊ वर्षं लागली. आता सांगून झालंय. पण सांगितल्यावर जे होईल असं वाटलं होतं, ते झालेलं नाही.

मी सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कुणाला दोष नको. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालतो. गाव एसटीनं अडीच-तीन तासांवर, म्हणजे लोकांच्या हिशोबानं जवळच. मला मात्र ते लांब पडत गेलं, आणि त्याला कारण ती पुरचुंडी.

सोळा वर्षांचा असताना मला साप चावला. जीपमध्ये आडवा टाकून सांगोल्याला नेलं, आणि मागं घरी आईनं माळावरच्या देवाला मेंढ्याचा नवस बोलला. मी वाचलो. त्या वर्षी जन्मलेलं पहिलं नर कोकरू तिनं देवाच्या नावानं सोडलं. आमच्याकडं असा मेंढा तिसऱ्या जत्रेला बळी देतात. तोवर त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, आणि त्याची लोकर कातरायची नाही. तो कुणाच्याही रानात शिरतो, लोक नुसते हात जोडतात. आमचा मेंढा तीन वर्षांत एवढा लोकरीनं भरला की लांबून जाजम चालत आल्यासारखा दिसायचा. त्याला कोंडा मी चारायचो. माझ्या हाताला तो डोकं घासायचा.

तिसरी जत्रा आठ दिवसांवर आली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. मला सोलापूरला जायचं होतं, मोबाईल पाहिजे होता, आणि घरात मागायची सोय नव्हती. वडील वारलेले. बाजारातल्या एका व्यापाऱ्याला मी मेंढ्याचं बोललो. तो म्हणाला, "लोकरीसकट आणू नको बाबा. देवाचा म्हणून शेंबडं पोरबी वळखंल. कातरून आण."

भर दुपारी, आई जत्रेसाठी घर सारवत असताना, मी मेंढ्याला देवळामागच्या बाभळीखाली नेलं आणि वडिलांच्या कात्रीनं कातरलं. तो हलला नाही. मीच होतो ना समोर. कातरल्यावर एवढासा दिसायला लागला. टेम्पो सडकेला थांबला होता. लोकर तिथंच टाकून मी त्याला घेऊन गेलो.

संध्याकाळी शोधाशोध झाली. आईला बाभळीखाली लोकरीचा ढीग सापडला. रक्ताचा थेंब नाही, लांडग्याची खूण नाही. ती तिथंच गुडघ्यावर बसली.

"देव सोता आला की गं! आपल्या पायानं नेला त्येनं! अंगावरचं वस्त्र तेवढं माज्यासाटी ठिवून गेला!"

माझ्या चुलत्यानं लोकर उचलून बघितली. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला माणूस, कातरलेली लोकर त्याला कळत नव्हती असं नाही. तो म्हणाला, "वैनी, देवाकडं कात्रीबी हाय म्हणायची."

"तुज्या जिभंला हाड न्हाय," आई म्हणाली. "देवाकडं काय न्हाय?"

लोक हसले. चुलता माझ्याकडं बघत होता. पण नंतर पाया पडायला तोही वाकला.

पुढं त्या लोकरीची प्रथा पडली. वस्तीवरचं पोर आजारी पडलं की बाया आईकडं येतात. आई पुरचुंडी सोडते, चिमूटभर लोकर काढून मांडीवर वळते आणि पोराच्या मनगटाला बांधते. बांधताना देवानं मेंढा कसा नेला ते सगळं सांगायचं, सांगितल्याशिवाय धागा लागू होत नाही. आमची आई कोपऱ्यात बसणारी, लग्नकार्यात तिला कुणी विचारायचं नाही. या गोष्टीनं तिला वस्तीत जागा मिळाली. ती सांगायला लागली की बाया कामं टाकून ऐकायच्या.

मी सोलापूरला आलो. खोटं बोलणं तोवर माझ्या अंगवळणी पडलं होतं. कारखान्यात खोटं, खोलीवर खोटं, आईला फोनवर खोटं.

दोन वर्षांपूर्वी मला कावीळ झाली. मी ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहतो त्या विधवा बाई, तेलुगू बोलणाऱ्या, ख्रिस्ती. नवरा मागावर काम करायचा. त्यांना सगळे अम्माच म्हणतात. मला उठता येत नव्हतं तेव्हा त्यांनी माझे कपडे धुतले. कसले कपडे, ते लिहीत नाही. पेज करून चमच्यानं भरवली. मी म्हणालो, "अम्मा, मी तुमचा कोण?" त्या म्हणाल्या, "कोण म्हणजे? भाडेकरू. मेला तर भाडं कोण देणार? खा." आणि हसल्या. मग उशाशी बसून तेलुगूत प्रार्थना केली. मला एक शब्द कळला नाही, फक्त मधून मधून माझं नाव ऐकू यायचं. कुणीतरी देवापाशी माझं नाव घेतंय, तेही माझ्याकडून काही नको असताना, हे मला नवीन होतं.

बरा झाल्यावर मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये उपासनेला जायला लागलो. कुणी बोलावलं नव्हतं. शास्त्र, म्हणजे बायबल, बोट ठेवून वाचायला लागलो, एका पानाला एक संध्याकाळ. वर्षानं बाप्तिस्मा घेतला. पाण्यातून वर आलो तेव्हा मला खरंच हलकं वाटलं होतं. दोन-तीन दिवस टिकलं. मग घड्या घालताना टॉवेलची लव बोटांना लागली आणि मला तो मेंढा आठवला. नंतर रोज आठवायला लागला.

चर्चमधल्या पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, "देवानं तुला क्षमा केली आहे. पण ज्या माणसाशी खोटं वागलास, त्याच्यासमोर जाऊन सांग. त्याशिवाय तुला शांती नाही."

ते चूक बोलले असं मी अजूनही म्हणत नाही.

गेल्या महिन्यात सुट्टी काढून गेलो. आई चुलीशी होती. मी उपासनेला जातो हे तिला माहीत होतं, त्याचं तिला फारसं काही नव्हतं.

"आलास व्हय? लई वाळलास. का रं, तुजा देव मटण खाऊ देतूय का न्हाय?"

"देतो की."

"मग बरा हाय."

मी तिथंच, तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आत, सांगून टाकलं. थांबलो असतो तर सांगितलं नसतं. व्यापारी, बाभळ, टेम्पो, सगळं. तिनं भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. वर बघितलं नाही.

"कात्री कुटली?" तिनं विचारलं.

"आबांची."

"ती घसरती मुटीतनं. मेंढ्याला लागली न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"हलला न्हाय?"

"न्हाय. उभा ऱ्हायला."

"तुज्या हातचं खाल्लेलं त्येनं," ती म्हणाली. भाकरी फुगली, तिनं ती काढून टोपलीत ठेवली.

"आई, मला माफ कर."

"जेव आदी. गार हुईल."

मी जेवलो. तिनं मला वाढलं, स्वतः जेवली की नाही मी बघितलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, मारेल, पुरचुंडी चुलीत टाकेल. सकाळी उठून बघतो तर तिनं देव धुतले होते, आणि पुरचुंडी होती तिथंच होती.

नऊ वाजता शेजारच्या वहिनी आल्या. कडेवर पोर, तापानं फणफणलेलं.

"मामी, येक धागा द्या की. तीन दिस झालं, उतरंना."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्याकडं बघितलं. तिनं पुरचुंडी काढली, सोडली, लोकर वळायला घेतली. नेहमीपेक्षा तिला वेळ लागला.

वहिनी म्हणाल्या, "सांगा की मामी. सांगितल्याबिगर कसं?"

माझ्याकडं पाठ करून आई बसली आणि सांगायला लागली. देव आला, आपल्या पायानं मेंढा नेला, अंगावरचं वस्त्र ठेवून गेला. शब्द तेच होते, नऊ वर्षांचे. एकही विसरली नाही. पण आवाज पाठ केलेल्या कवितेसारखा होता. आतापर्यंत तिनं हे किती जणांना सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी ते तिच्या दृष्टीनं खरं होतं. त्या सकाळी पहिल्यांदा तिनं ते खोटं म्हणून सांगितलं. ते कशासाठी? लेकाला वस्तीनं चोर म्हणू नये म्हणून, की पोराची आई दारात उभी होती म्हणून? मला कळलं नाही, अजून कळत नाही.

मी बोलू शकलो असतो. खोटं सोडलेला माणूस मी. माझ्या तोंडून निघालं एवढंच, "वैनी, दवाखान्यातबी न्या."

"न्हेलंतं की भावजी. गोळ्या चालू हायत. पर ह्येबी पायजे."

दुपारच्या गाडीला आई सडकेपर्यंत आली. एसटी दिसल्यावर म्हणाली, "तुला हलकं वाटलं न्हवं, सांगून?"

"व्हय," मी म्हणालो. वाटलं होतं, आदल्या रात्री झोपताना वाटलं होतं.

"बरं झालं मग," ती म्हणाली, आणि पिशवीत भाकरीचं गाठोडं नीट बसवत राहिली.

सोलापुरात अम्मांनी विचारलं, "काय म्हटली रे आई?" मी म्हणालो, "ऐकून घेतलं." त्या केवढ्या खूश झाल्या. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पाळक म्हणतात, येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष दे, देवानं तुला कसं बदललं ते सांग, पुष्कळांना बळ मिळेल. मी हो म्हटलंय. साक्षीत कुठपर्यंत सांगायचं? मेंढ्यापर्यंत सांगितलं तर सगळे आमेन म्हणतील. वहिनींच्या पोरापर्यंत सांगितलं तर काय म्हणतील, माहीत नाही. मी प्रार्थनेला बसतो तेव्हा स्वतःसाठी मागायचं काही सुचत नाही. आईसाठी मागायला जातो, तर काय मागू? तिला खरं कळावं, हे तर मागून झालं, मिळालंही.

परवा तिचा फोन आला.

"पोराचा ताप उतरला बरं का. तुजी वैनी नारळ घिऊन आलीती."

"देवाची कृपा," मी म्हणालो. सवयीनं.

पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता.

"कुटल्या देवाची रं?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला माझ्याकडून खरंच ऐकायचं होतं.

मी फोन कानाला धरून उभा होतो. दुसऱ्या हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल होता. तिनं वाट बघितली, मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जेवलास का?"