उजव्या हाताचा स्लॅप

साउंड चेक चालू होता आणि माझा स्लॅप लागत नव्हता.

स्लॅप म्हणजे कोंगावरची चटका देणारी थाप. कोंगा हा उंच, पोटाकडे फुगीर ढोल, उघड्या हातांनी वाजवायचा. त्याच्यावर बोटं सैल सोडून कातड्यावर आपटली की फटाक्यासारखा आवाज निघतो. तोच स्लॅप. त्या दिवशी माझ्या उजव्या हातातून नुसता भद्द आवाज येत होता.

"सर, हाय कमी येतंय, आवाजाला वरची धारच नाही. माइक बदलू का?" साउंड इंजिनीअर श्रीधरने मागून विचारलं.

"बदल," मी म्हणालो.

त्याने बदलला. फरक पडला नाही. मग केबल बदलली, मग पुन्हा माइक. तिसऱ्या वेळी तो हेडफोन काढून स्वतःचे कान चोळत बसला. मी खाली बघून कोंगाचे नट आवळत राहिलो.

माइक चांगला होता. बिघाड माझ्या मनगटात होता, आणि तो मला तीन आठवड्यांपासून माहीत होता.

आमचा बँड म्हैसूरचाच. पियानोवर मूर्ती सर, तेच लीडर. कर्नाटकी रागांना क्यूबाच्या तालावर बसवायचं त्यांचं वेड. माझं घराणं शिंप्यांचं. विठ्ठलाच्या भजनात पखवाजावर हात बसला, तिथून हॉटेलांतले बँड, आणि पुढे कोंगा. त्या संध्याकाळचा कार्यक्रम लाइव्ह रेकॉर्ड होणार होता. तोच आमचा पहिला अल्बम, आणि त्याच्या जोरावर परदेशातला दौरा ठरायचा होता.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा मी कुवेंपुनगरातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. मनगटातली नस दाबली गेली होती. "सहा आठवडे हात वापरायचा नाही," ते म्हणाले. कार्यक्रमाला एकोणीस दिवस उरले होते. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि कुणालाच काही बोललो नाही. फक्त अप्पांनी ओळखलं. माझे वडील, मंडी मोहल्ल्यात चाळीस वर्षं कात्री चालवलेले. जेवताना माझ्या हातातून चमचा निसटला, ते बघत होते.

"सुम्ने झाकू नकोस रे," ते म्हणाले. सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या घरात मराठीत असे कन्नड शब्द येतातच. "मी झाकलं आणि माझा अंगठा कायमचा गेला. तुझ्या सरांना सांग."

"कार्यक्रम झाला की सांगतो, अप्पा."

"अय्यो, तेव्हा सांगून काय उपयोग?"

कार्यक्रम सुरू झाला. हॉल भरला होता. पहिली दोन गाणी मी डाव्या हातावर ओढली. तिसऱ्यात माझा सोलो होता. बाकीचे थांबतात आणि मी एकटा वाजवतो. माझ्या खाली फक्त क्लावे चालू राहतो. क्लावे म्हणजे दोन मात्राखंडांत मिळून पडणारे पाच ठोके. भजनात टाळ जसा सगळ्यांना धरून ठेवतो, तसा तो बँडला धरून ठेवतो. त्याची एक बाजू तीन ठोक्यांची, एक दोनची. चुकीच्या बाजूवर आत शिरलात की सगळं गाणं उलटं पडतं आणि सावरता येत नाही. टिंबालेस वाजवणारा किरण तो पायाच्या पेडलने ठोकायच्या ब्लॉकवर वाजवत होता. टिंबालेस म्हणजे काठ्यांनी वाजवायचे पत्र्याचे दोन ढोल.

सोलो सुरू झाला. चौथ्या आवर्तनात उजवा हात पूर्ण गेला. बोटं कातड्यावर आहेत की नाहीत हे मला बघूनच कळत होतं. मी बघत राहिलो आणि मोजणं सुटलं.

मग कोंगाच्या पांढऱ्या कातड्यावर लाल ठिपके दिसले. बोट लोखंडी कड्यावर आपटून फुटलं होतं. किती वेळापासून, कुणास ठाऊक. मला दुखत नव्हतं. त्या न दुखण्यानेच मी घाबरलो.

मूर्ती सरांनी हात पियानोवर उचलले. मी सोलो संपवल्याची खूण देणार, मग सगळे आत येणार, असं ठरलं होतं. पण मी कितव्या आवर्तनात आणि क्लावेच्या कुठल्या बाजूवर आहे, हेच मला कळत नव्हतं. अंदाजाने खूण दिली आणि ती चुकली, तर रेकॉर्डिंग चालू असताना सहा जण उलट्या बाजूवर आदळणार होते.

मी दोन्ही हात उचलले. वाजवणं थांबवलं.

हॉलमध्ये फक्त क्लावे उरला. टक, टक, टक... टक, टक. मूर्ती सरांचे हात हवेत तसेच. मी डावी मूठ वर धरली, म्हणजे येऊ नका. मग किरणकडे बघून मान हलवली आणि उजवा हात त्याला दिसेल असा धरला. बोटातून रक्त गळत होतं.

किरणच्या ते लक्षात यायला एक अख्खं आवर्तन गेलं. आयुष्यातलं सर्वांत लांब. मग त्याने काठ्या उचलल्या आणि सोलो घेतला. तयारी नाही, ठरलेलं नाही. आठ आवर्तनं वाजवून त्याने बरोबर जागेवर खूण दिली आणि बँड आत आला. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. टाळ्या पडल्या. उरलेला कार्यक्रम मी डाव्या हातात काठी धरून काउबेलवर, म्हणजे काठीने वाजवायच्या लोखंडी घंटेवर काढला.

आत आल्यावर मूर्ती सरांनी दार लावून घेतलं.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"मला सांगितलं असतंस तर सोलो किरणला दिला असता. बेंगळुरूहून माणूस बोलावला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं, सर."

त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या बोटाभोवती बांधला. मग म्हणाले, "श्रीधर मघाशी मला विचारत होता, सर, माझे कान गेले का? चांगला ईएनटी माहीत आहे का? त्याला आधी सांगून ये."

मी गेलो. श्रीधर केबल गुंडाळत होता. मी सगळं सांगितलं. तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "सर, दोनदा माइक बदलला मी." आणि गुंडाळत राहिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. दौऱ्यावर किरण गेला आणि माझ्या जागी बेंगळुरूचा एक जण. अल्बममध्ये तो सोलो आहे, किरणच्या नावावर, आणि तो खरंच चांगला आहे. मी आठ महिन्यांनी परत वाजवू लागलो. उजवा स्लॅप पूर्वीचा राहिला नाही. मी डाव्या हाताने सुरुवात करायला शिकलो.

आता माझ्याकडे शिकायला मोठी माणसं येतात, बहुतेक नोकरी करणारी, दिवसभर कीबोर्ड बडवून आलेली. पहिल्या दिवशी मी विचारतो, बोटं बधिर होतात का? सगळे नाही म्हणतात. मग मी त्यांना डोळे मिटून शर्टाची बटणं काढायला आणि परत लावायला सांगतो.