आमचं ‘नाही’ आम्ही म्हणू

तारा लग्न होऊन खाप्याहून नागपुरात सक्करदऱ्यात आली तेव्हाच सासूने शेजारणीला सांगून ठेवलं होतं, पोरगी कामाची आहे, पण जिभेला हाड नाही. खोटं नव्हतं ते. राशनवाल्याने मापात हात मारला की तारा पराते भर रांगेत त्याला पुन्हा मोजायला लावायची. नळाला पाणी आलं नाही की रिकामी घागर घेऊन नगरसेवकाच्या दारात बसायची. घरातला हातमाग सासऱ्यांच्या हयातीतच बंद पडला होता. नवरा चेतन इतवारीत साड्यांच्या दुकानात गाठोडी उचलायचा आणि ती घरी साड्यांना फॉल-पिको करायची. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं ती भांडून शिकली.

पोरीचा, अदितीचा, आरटीईत, म्हणजे कायद्याने राखलेल्या मोफत जागेवर, नंबर लागला आणि ती मोठ्या इंग्रजी शाळेत जायला लागली, त्या दिवशी मात्र तारा कोणाशीच भांडली नाही.

अदिती सहावीत असतानाची गोष्ट. एका संध्याकाळी दप्तर न उतरवताच तिने विचारलं, "आई, तू मले सहलीले काहून नाही पाठवत वं?"

कोणती सहल? रामटेकची. खिंडसीच्या तलावात नावेत बसवणार होते, वर्गात आठवडाभर दुसरं बोलणंच नव्हतं. ताराने फोन काढून शाळेचा ग्रुप पार वरपर्यंत चाळला. युनिट टेस्टच्या तारखा होत्या, सहामाहीचं वेळापत्रक होतं, नखं कापून पाठवा होतं, हजेरी कमी भरते होतं. सहलीचं अक्षर नव्हतं. गेल्या वर्षीही नव्हतं, त्याच्या आधीच्या वर्षीही नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीची गिऱ्हाईक मिनल फॉलसाठी साड्या टाकायला आली. तिचा मुलगा अदितीच्याच वर्गात. ताराने विचारलं तसा तिने आपला फोन पुढे धरला. वर्ग तोच, ग्रुप वेगळा. तिच्या ग्रुपवर परीक्षाही होत्या आणि सहलीही होत्या, फोटोंसकट. ताराच्या ग्रुपच्या नावामागे तेवढा एक ‘आर’ होता. आरटीईचा. इतकी वर्षं तो रोज डोळ्यांसमोर होता आणि शाळेची काही पद्धत असेल म्हणून तिने सोडून दिला होता. जी बाई राशनच्या काट्यावर डोळा ठेवते, तिची ही चूक तिलाच जास्त झोंबली.

मिनल ओशाळून म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही लोकच नाही म्हणता. टीचरनी तसंच सांगितलं होतं."

हे मात्र ताराच्या काळजात घुसलं. सहल बुडाली, बुडू दे. पण आपल्या तोंडचं ‘नाही’ दुसऱ्याच कोणी म्हणावं, तेही दर वर्षी, आणि आपल्याला पत्ताही नसावा?

चेतन म्हणाला, जाऊ दे, फुकट शिकवून राहिले, वरून सहलही मागतं का. ताराने त्याला सुनावलं की फुकट कोणी शिकवत नाही, कायदा आहे म्हणून शिकवतात; आणि सहल मागतंय कोण? त्या ग्रुपवर पालकांना काही लिहिता येत नव्हतं, कुलूपच लावलेलं. मग तिने त्यातला एकेक नंबर काढून एकेकाला फोन केला.

शनिवारी सहामाहीचा निकाल होता. शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर प्रगतिपुस्तकं मांडलेली, पालकांनी सही करायची आणि न्यायची. आरवाले सगळे एका ओळीत बसले. टीचर नावं पुकारत होत्या, ओळीतलं कोणी उठत नव्हतं. शेवटी प्रिन्सिपल मॅडमच आल्या. खर्चाचं ऐकून तुम्हाला उगाच वाईट वाटू नये म्हणून आम्ही कळवत नाही, असं त्यांनी मायेने समजावलं. मग ताराला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "अदितीचं आम्ही बघतो, ट्रस्टकडून. फक्त हा विषय इथे नको."

अदिती शेजारीच उभी होती. तिचा चेहरा असा फुलला की ताराला तिकडे बघवेना. ताराने आवाज चढवला, पार मागच्या खुर्चीपर्यंत जाईल असा.

"मॅडम, मी फुकटची सीट मागायले नाही आली. त्याईले टाकता तोच मेसेज आमाले टाका. पैसे हायेत का नाही, पोरगी पाठवायची का नाही, ते आमचं आमी पाहू. आमचं ‘नाही’ तुमी काहून म्हणता? आमाले तोंड नाही का?"

"तुले तर चांगलंच हाये, ताराबाई," ओळीतला एक, रोहितचा बाप, मागून पुटपुटला. ई-रिक्षाचा धंदा सोडून आला होता बिचारा. ओळ हसली.

मॅडम म्हणाल्या, ग्रुप ऑफिसकडून चालतात, वेळ लागेल. तारा म्हणाली, लागू द्या, आमी बसलो आहो. तेवढ्यात मिनल निकाल घ्यायला आली. घटकाभर दारात घुटमळली, मग खुर्ची ओढून ताराशेजारी बसली. तिच्या पोराचंही पुस्तक टेबलावरच राहिलं. तेव्हा कुठे मॅडमनी ऑफिसातल्या माणसाला बोलावणं धाडलं.

थोड्या वेळाने ओळीतले फोन वाजायला लागले. एकामागून एक.

रोहितच्या बापाने सहलीचा मेसेज सावकाश वाचला आणि उभा राहिला. "आमाले यंदा नाही जमत, मॅडम," तो म्हणाला. मान खाली नाही, आवाज खाली नाही. आणि टेबलाशी जाऊन सगळ्यांत आधी त्याने सही ठोकली.

परतताना अदिती गाडीवर मागे बसली, पण आईच्या कमरेला हात घातला नाही. रेशीमबाग आली.

"मॅडम देऊन राहिल्या होत्या," ती म्हणाली. "तूच नाही म्हटलं. मले विचारलं का?"

ताराने गाडी कडेला घेतली.

"बरं, आता विचारतो. जाशील? पैसे भरून जा लागन. मंग वाढदिवसाले नवा ड्रेस नाही."

"विचार करून सांगन."

"आत्ताच सांग ना."

"नाही सांगत."

ती जाणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. ताराने गाडी चालू केली. सक्करदऱ्याचा तलाव आला, मागे पडला, तरी मागून उत्तर येईना. आणि ताराने, जीभ आवरत का होईना, पुन्हा विचारलं नाही.