शेवटच्या डब्यावरची फुली

देशपांडे नगरातल्या आमच्या घरून पाहुणे निघाले की माझे वडील, अप्पा, फाटकाशी उभे राहायचे. रिक्षा वळणापलीकडे जाईपर्यंत हलायचे नाहीत. "पुरती गेली," असं स्वतःशी म्हणायचे, मगच आत यायचे. मला मेलीला त्याची लाज वाटायची. शेजारीपाजारी बघायचे.

ही त्यांची नोकरीतली सवय. अळणावरहून दांडेलीच्या जंगलाकडे एक लहान रेल्वेलाइन जाते. तिच्यावरच्या मधल्या एका स्टेशनावर ते पॉइंट्समन होते, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून द्यायचे. इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली, असं रेल्वेत धरत नाहीत. शेवटच्या डब्यावर फुली असते. ती डोळ्यांनी बघितली, की गाडी पुरती गेली, मागे एखादा डबा तुटून राहिला नाही, असं समजायचं. लाकडांनी भरलेल्या मालगाड्या आणि दिवसातून एखाददुसरी प्रवासी गाडी, एवढाच तिथला कारभार. माझं लहानपण त्या फलाटावर गेलं. खेळायला बरोबरीचं कुणी नव्हतं, म्हणून मीही अप्पांशेजारी उभी राहून फुलीची वाट बघायची.

पुढे ती प्रवासी गाडी बंद झाली. अप्पांची बदली झाली, आई गेली आणि निवृत्तीनंतर ते माझ्याकडे हुबळीला आले. मी शाळेत शिकवायची. घरात आम्ही दोघंच.

कित्येक वर्षांनी त्या लाइनीवर पुन्हा प्रवासी गाडी सुरू झाली. अप्पांनी पेपर माझ्यापुढे धरला.

"एकदा जाऊन येऊ या की ग. माझं स्टेशन बघायचंय."

"रविवारी बसनं नेते," मी म्हटलं.

"बसमधनं स्टेशन बघायला जायचं? माणसं हसतील की!"

झालं, तिथंच घोडं अडलं. गाडीनं जायचं तर आख्खा दिवस मोडणार. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं, माझा गुडघा आला. सबबी काढण्यात माझा हात कुणी धरला नसता. अप्पांनी कोप्पीकर रोडवरून नवा सदरा आणून इस्त्री करून ठेवला होता, तो कपाटातच राहिला. त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

टाळेबंदीत सगळ्याच गाड्या थांबल्या. नंतर बाकीच्या सुरू झाल्या, ही झाली नाही. अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "शेवटच्या गाडीची फुली कुणी बघितली असंल का ग?"

पुढच्याच वर्षी ते गेले. तो नवा सदरा मीच त्यांच्या अंगावर चढवला. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. चार पुरुष शववाहिनीत बसले, गाडी हलली आणि शेजारीण मागून म्हणाली, "अक्का, आत या की. घर धुवायचंय."

मी फाटक सोडलं नाही. बायका कुजबुजल्या, कुणी दंड धरून ओढून बघितलं. गाडी वळणावर जरा थांबली, मग दिसेनाशी झाली.

"पुरती गेली," मी म्हटलं आणि आत आले.

आता मी कुठं निघाले की रिक्षातून मागे वळून बघते. फाटकाशी कुणी नसतं. त्याला कुलूप मीच लावलेलं असतं.